तसबिरीमागील पासबुक

आमच्या घरी येशूच्या पवित्र हृदयाची एक जुनी तसबीर आहे. लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, ती आमच्या आजोबांच्या काळापासून होती. १९९७ साली ती खोली सुटली, आई आमच्याकडे दादरला राहावयास आली आणि तिच्याबरोबर ही तसबीरही आली. तेव्हापासून आमच्या दर्शनी भिंतीवर ती टांगलेली आहे आणि सायंकाळची जपमाळ आम्ही तिच्याच समोर बसून करीत आलो आहोत.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये एके रात्री खिळा निसटून ती खाली आली. काच फुटली, चौकट एका कोपऱ्यात उसवली. दुसऱ्या दिवशी जुन्या चादरीत गुंडाळून आम्ही ती दादर स्थानकाजवळच्या एका फ्रेमवाल्याकडे नेली. त्याने पाठीमागचे बारीक खिळे उपटले, पुठ्ठा उचलला आणि पुठ्ठा व चित्र यांच्यामधून एक पातळसे, कडा कुरतडलेले पुस्तक काढून आमच्यापुढे धरले. "साहेब, हे तुमचे का?" त्याने विचारले.

ते बँकेचे पासबुक होते. आमचे नव्हे, आमच्या थोरल्या आत्याचे. तिला जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती.

हरवलेले धन सापडले म्हणजे मनुष्यास आनंद व्हावा. आम्ही मात्र त्या दुकानाच्या पायरीवर मटकन बसलो. त्याचे कारण वाचकांस सांगावयाचे तर थोडे मागे जावे लागेल.

आमचे घराणे सावंतवाडीकडचे. वडील मुंबईस आले ते परळच्या एका गिरणीत साचेखात्यात लागले. त्यांच्या पाठोपाठ त्यांची थोरली बहीणही आली आणि परळच्याच एका प्रसूतिगृहात आया म्हणून काम करू लागली. घरात तिला आम्ही 'आते' म्हणत असू. तिने लग्न केले नाही. भावाचा संसार हाच तिचा संसार. पहाटेच्या मिस्सेला जावे, तेथून परस्पर कामावर जावे, परत येताना लालबागच्या बाजारातून मूठभर सुकट किंवा जवळा आणावा, हा तिचा क्रम आम्ही बालपणापासून पाहिला. तिच्या कमरेला कापडी पिशवी असे आणि त्या पिशवीत काय आहे हे विचारण्याची कुणाची छाती नसे.

म्हातारपणी तिचे गुडघे गेले. तेव्हा ती अंथरुणावर बसून म्हणे, "माज्या मरणाची चिंता तुमी करू नकात. त्येची सोय मी करून ठेवलंय." हे वाक्य तिने एकदा नव्हे, पन्नासदा म्हटले असेल. आम्ही सारे ते ऐकत होतो. तिची सोय म्हणजे काय आणि ती कोठे आहे, हे मात्र कुणीच विचारले नाही. जिवंत माणसाच्या तोंडावर त्याच्या मरणाचा हिशेब काढणे आपल्याकडे अभद्र समजतात. त्या संकोचाची किंमत पुढे आम्हांस मोजावी लागली.

१९९६ च्या फेब्रुवारीत आते गेली. शिवडीच्या दफनभूमीत तिला मूठमाती दिली. नंतर तिची पेटी उघडली तर तिच्यात दोन लुगडी, एक जपमाळ, संतांची काही चित्रे आणि चोवीस रुपये निघाले. सोय कोठेच नव्हती.

तेव्हा त्या खोलीत आई, आते आणि आमचा धाकटा भाऊ राहत होता. आम्ही लग्नानंतर दादरला बिऱ्हाड केले होते; गिरगावातील एका शाळेत शिकवीत होतो. बहीण लग्न होऊन वसईला गेली होती. आतेच्या अखेरच्या दोन वर्षांत तिला उचलणे, बसविणे, दवाखान्यात नेणे हे सारे धाकट्यानेच केले. गिरगावातील एका छापखान्यात तो जुळारी होता. दिवसभर खिळे जुळवावेत आणि रात्री आतेचे पाय चोळावेत, असे त्याचे दिवस गेले. जो सेवा करतो त्याच्याच हाताशी किल्ल्या असतात, आणि ज्याच्या हाताशी किल्ल्या असतात त्याच्यावरच संशय येतो. जगाची ही रीत आम्हांस ठाऊक होती. तरी आम्ही तिला बळी पडलो.

वर्षभर मनात ठेवलेले ते विष १९९७ च्या फेब्रुवारीत बाहेर पडले. आतेच्या प्रथम स्मृतिदिनाचा ख्रिस्तयाग आटोपून आम्ही सारे खोलीवर जमलो होतो. चहा झाला होता. कशावरून तरी खर्चाचा विषय निघाला आणि आम्ही बोलून गेलो : "आतेचे पैसे कुठे गेले ते तुझे तुलाच ठाऊक."

तो काही बोलला नाही. हातातला पेला त्याने न पिताच खाली ठेवला. वर भिंतीवर ती तसबीर होती. दोन महिन्यांनी त्याने नालासोपाऱ्यास भाड्याने जागा घेतली आणि तो गेला. आईने दोन्हीकडे रडून पाहिले, पण तिचे कुणी ऐकले नाही. २००३ साली आई गेली तेव्हा तो आला, चर्चमध्ये अगदी शेवटच्या बाकापाशी उभा राहिला आणि मूठमाती देऊन परस्पर निघून गेला. पाण्यात काठी मारली म्हणून पाणी दुभंगत नाही, असे आपले वडीलधारे म्हणतात. पाणी दुभंगत नाही हे खरे. परंतु काठी मारणाऱ्याने ती पाण्यातून बाहेर काढावयास हवी ना!

आणि आता ते पासबुक आमच्या हातात होते. पैसे कोणीही घेतले नव्हते. सत्तावीस वर्षे ज्या भिंतीकडे तोंड करून आम्ही "आमच्या अपराधांची आम्हांस क्षमा कर" असे म्हणत आलो, त्याच भिंतीवर भावाच्या निर्दोषपणाचा पुरावा टांगलेला होता.

घरी येऊन आम्ही ते पासबुक पानागणिक वाचले. खाते १९७४ साली पाच रुपयांनी उघडलेले होते. त्याच्या पाच वर्षे आधी, १९ जुलै १९६९ रोजी, देशातील चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि त्यानंतर बँकेची पायरी चढण्याचे धैर्य आतेसारख्या माणसांना येऊ लागले होते. गिरगाव-गावदेवी हा तर सहकारी बँकांचा जुना मुलूख. शामराव विठ्ठल बँक १९०६ साली आणि सारस्वत बँक १९१८ साली याच भागात उभी राहिली. पण गिरणगावातल्या बायांचा पैसा बहुधा भिशीत असे, सावकाराकडे असे, नाही तर डाळीच्या डब्यात. आतेने त्या काळी एकटीने जाऊन खाते उघडले, ही आम्हांस नव्याने कळलेली गोष्ट.

निळ्या शाईतील त्या नोंदी दहा-पंधरा रुपयांच्या होत्या. थेंबे थेंबे तळे साचत जाऊन १९८१ च्या अखेरीस दोन हजारांवर गेले होते. मग १८ जानेवारी १९८२ हा दिवस उजाडला. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. त्यांत आमचे वडीलही होते. मार्चपासून पासबुकाचा दुसराच रकाना भरू लागतो. वीस रुपये काढले. चाळीस काढले. पुन्हा वीस. जूनमध्ये एकदम एकशेवीस. त्या एकशेवीस रुपयांपाशी आम्ही थबकलो, कारण त्याच महिन्यात आमच्या महाविद्यालयाची फी भरली गेली होती. वडिलांनी काहीतरी गहाण टाकले असावे अशी आमची इतकी वर्षे समजूत होती. १९८३ च्या डिसेंबरात शिल्लक अकरा रुपये पस्तीस पैशांवर येते. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही; वडीलही पुन्हा साच्यावर उभे राहिले नाहीत आणि १९८९ साली गेले. आतेने मात्र १९८५ पासून पुन्हा दहा-दहा रुपये टाकावयास आरंभ केला होता. शेवटची नोंद जुलै १९९४ मधील, दीडशे रुपये जमा. शिल्लक तीन हजार चारशे बारा रुपये साठ पैसे.

हे पासबुक घेऊन आम्ही बँकेत गेलो. त्यावर छापलेल्या नावाची बँक आता राहिलेली नाही. १ एप्रिल २०१९ रोजी देना आणि विजया या दोन बँका बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या; १ एप्रिल २०२० रोजी आणखी सहा बँका इतर चार बँकांत गेल्या. त्यांपैकी आतेची बँक कोणती हे सांगण्याचे कारण नाही. शाखाही जुन्या जागेतून हलली होती. पहिल्या खेपेस काउंटरवरील गृहस्थांनी पासबुक उलटसुलट करून "इतके जुने आमच्याकडे काही नसते" असे सांगून टाकले. दुसऱ्या खेपेस एका तरुण अधिकारी बाईंनी ते नीट पाहिले, खुर्ची पुढे केली आणि म्हणाल्या, "काका, पैसे बुडत नाहीत. थोडा वेळ लागेल." त्यांनी आम्हांस जे समजावून सांगितले ते आमच्या धर्मग्रामांतील घराघरांत ठाऊक असावे, म्हणून येथे मांडतो.

बचत खात्यात दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः काही भरले नाही किंवा काढले नाही, तर ते खाते 'निष्क्रिय' समजले जाते. बँकेने जमा केलेले व्याज किंवा कापलेले शुल्क म्हणजे खातेदाराचा व्यवहार नव्हे. तरीही निष्क्रिय झालेल्या बचत खात्यावर व्याज चालूच राहते. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांप्रमाणे अशा खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंड घेता येत नाही, आणि ते पुन्हा चालू करण्यासाठी शुल्कही आकारता येत नाही.

दहा वर्षे उलटली की ती रक्कम 'दावा न केलेली ठेव' होते. २०१२ सालच्या दुरुस्तीने बँकिंग नियमन कायद्यात २६-अ हे कलम घालण्यात आले आणि त्यानुसार २०१४ साली रिझर्व्ह बँकेने 'ठेवीदार शिक्षण व जागृती निधी' स्थापन केला. सर्व बँकांतील अशा ठेवी त्या निधीत जातात. मार्च २०२४ अखेर त्यात ७८,२१३ कोटी रुपये जमा होते. आकडा वाचून डोळे फिरतात. परंतु त्यामागे किती आते असतील, किती चौकटी आणि किती डाळीचे डबे असतील, असाच विचार आमच्या मनात आला. निधीत गेल्यावरही पैसा खातेदाराचा किंवा त्याच्या वारसांचाच राहतो. तो मागण्यास मुदत नाही. वारसांनी आपल्या बँकेतच अर्ज करावयाचा. बँक त्यांना रक्कम देते आणि मागाहून निधीकडून भरून घेते. निधीत असतानाच्या काळाचे व्याजही मिळते : आरंभी चार टक्के, जुलै २०१८ पासून साडेतीन, मे २०२१ पासून तीन.

पासबुकच हाती नसेल तर काय करावे? त्यासाठी ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' नावाची संगणकीय सोय उघडली. तेथे खातेदाराचे नाव, बँकेचे नाव आणि जन्मतारीख किंवा तत्सम एखादी खूण घातली की अनेक बँकांतील दावा न केलेल्या ठेवींचा शोध घेता येतो. ज्यांना हे स्वतःस जमत नाही त्यांनी घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलांना शेजारी बसवावे.

आमच्यापुढे दोन अडचणी होत्या. पहिली नावाची. पासबुकावर आतेचे नाव इंग्रजी वळणाचे होते, स्नानसंस्काराच्या नोंदवहीत पोर्तुगीज वळणाचे, आणि मृत्यूच्या दाखल्यावर कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेले तिसरेच. आपल्या समाजात ही गोष्ट घरोघरी आढळते. गावच्या प्रमुख धर्मगुरूंनी जुनी वही शोधून तिचा उतारा पाठविला आणि ही तिन्ही नावे एकाच स्त्रीची असल्याचे आम्ही प्रतिज्ञापत्र केले. ती अडचण सुटली.

दुसरी अडचण वारसांची. बँकेतील ठेवींसाठी नामनिर्देशनाचे नियम १९८५ साली आले. आतेचे खाते त्याआधीचे, आणि पुढेही तिने कुणाचे नाव लावले नव्हते. मृत्युपत्रही नव्हते. आपणां ख्रिस्ती लोकांस या बाबतीत १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. आते अविवाहित, तिचे आईवडील नव्हते, आणि एकुलता भाऊ तिच्या आधीच गेलेला. म्हणून तिचे वारस आम्ही तिघे भावंडे, समान वाट्याने. अधिकारी बाईंनी अर्जाचा कागद आमच्यापुढे सरकविला आणि त्यातील तीन चौकोनांवर पेन्सिलीने फुल्या केल्या. "तिघांच्याही सह्या लागतील. एक जरी नसली तरी पुढे जाता येणार नाही."

बहिणीची सही त्याच आठवड्यात झाली. तिसरा चौकोन रिकामा राहिला. तो कागद आमच्या टेबलावर जवळजवळ सहा आठवडे पडून होता. पोस्टाने पाठवावा, बहिणीच्या हाती द्यावा, फोनवर सांगावे, असे नाना विचार मनात आले. पत्नीने एक दिवस एवढेच म्हटले, "सही पोस्टाने येईल. बाकीचे काय पोस्टाने येणार आहे का?"

ऑक्टोबरातील एका रविवारी आम्ही दादरहून विरार गाडी धरली. नालासोपाऱ्यास त्याच्या दारात उभे राहिलो तेव्हा तो बनियनवर होता. केस सारे पांढरे. क्षणभर आम्हांस वडीलच दारात उभे आहेत असे वाटले. त्याने "ये" म्हटले. पंखा लावला. आम्ही काही न बोलता पासबुक त्याच्या हाती दिले.

त्याने चष्मा शोधला. आमच्याप्रमाणेच त्यानेही ते पहिल्या पानापासून वाचले. शेवटच्या नोंदीवर बोट ठेवले आणि तो बराच वेळ तसाच बसला. मग म्हणाला, "हा दिवस मला आठवतो. पाऊस होता. तिला टॅक्सीत घालून मी लालबागला नेले होते. तिने मला बाहेरच बसवले. म्हणाली, आत यायचे नाही. मला वाटले, फंडाचा काही कागद असेल."

आम्ही म्हणालो, "आम्ही चुकलो." हे दोन शब्द बोलण्यासाठी गाडीत आम्ही बरीच लांबलचक वाक्ये जुळवून ठेवली होती. त्यांतले एकही आठवले नाही.

तो म्हणाला, "शवपेटीचे पैसे मी छापखान्याच्या मालकाकडून उचलले होते, दादा. दीड वर्ष पगारातून फेडले. ते तू कधी विचारलेच नाहीस."

हे खरे होते. आतेचे पैसे कोठे गेले हे आम्ही विचारले. तिच्या दफनाचे पैसे कोठून आले, हे विचारण्याचे आम्हांस सुचले नाही.

त्याने सही केली. अक्षर अजूनही जुळाऱ्याचेच, एकेक खिळा बसवावा तसे. कागद परत देताना तो हसला. पण ते हसणे सुखाचे नव्हते. "बँकेने निदान व्याज तरी दिले," तो म्हणाला. "तू सत्तावीस वर्षांत एक पोस्टकार्ड टाकले नाहीस."

या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते; आजही नाही. त्याच्या पत्नीने चहा आणला. या खेपेस त्याने पेला खाली ठेवला नाही, एवढे आम्ही पाहिले.

२०२५ च्या जानेवारीत रक्कम हाती आली. व्याजासकट नऊ हजार आठशे सत्तेचाळीस रुपये. तिघांत वाटली असती तर प्रत्येकी सव्वातीन हजारांवर काही रुपये. सारी रक्कम धाकट्यास द्यावी, असे बहिणीने सुचविले. तो म्हणाला, "ते तिने मरणासाठी ठेवले होते. मरणासाठीच जाऊ दे." शेवटी थोडे पैसे आतेच्या नावाच्या ख्रिस्तयागासाठी ठेवून उरलेले आम्ही धर्मग्रामातील सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीस दिले, ज्यांच्या घरी शवपेटी घेण्याइतकेही पैसे नसतील त्यांच्यासाठी. आतेने केलेली सोय तीस वर्षांनी का होईना, कुणाच्या तरी कामी आली.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी, सर्व मृत भाविकांच्या दिनी, तो दादरला ख्रिस्तयागास आला. आई गेली तेव्हा तो शेवटच्या बाकापाशी उभा होता. या वेळी तो आमच्यामागे दोन बाके सोडून बसला. शांतिदानाच्या वेळी आम्ही मागे वळलो; त्याने हात जोडले, आम्हीही जोडले. सारे काही पूर्ववत झाले असे आम्ही म्हणणार नाही. काही खाती पुन्हा चालू होतात, परंतु मधल्या वर्षांच्या नोंदी त्यांत कोणी लिहून देऊ शकत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील तालंतांचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. ज्या दासाने धन्याचे धन जमिनीत पुरून ठेवले त्याला धन्याने फटकारले : निदान पेढीवर ठेवतास तर व्याजासह परत मिळाले असते. लहानपणी या दाखल्याचे आम्हांस नवल वाटे, की पुरून ठेवले म्हणून इतका राग का? आता थोडे उमजते. आतेने आपले धन पेढीवरच ठेवले होते. पुरून ठेवले ते आम्ही. एक विचारावयाचा प्रश्न आम्ही पुरून ठेवला. आणि जो विचारावयास नको होता तो मात्र उकरून काढला.

म्हणून वाचकांस हात जोडून काही गोष्टी सांगतो. घरातील वडीलधाऱ्या माणसांजवळ एकदा बसा आणि त्यांची खाती कोठे कोठे आहेत ते त्यांच्याच तोंडून ऐकून एका वहीत लिहून ठेवा. त्यात अभद्र काही नाही. प्रत्येक खात्यात वर्षातून एकदा तरी शंभर रुपये भरा अथवा काढा. नामनिर्देशन झाले आहे की नाही ते पाहा. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यास चार जणांपर्यंत नावे लावता येतात. मात्र नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही. वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारी ती विश्वस्त असते, हे तिला आणि वारसांनाही ठाऊक असू द्या. मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती पुरुषाच्या मागे पत्नीस एक तृतीयांश आणि मुलांस दोन तृतीयांश जाते, मुलगा-मुलगी असा भेद न करता. मृत्युपत्र असेल तर मुंबईत त्यास प्रोबेट घ्यावेच लागते, ही आपल्यात रुजलेली जुनी समजूत आता सोडून द्या; २००२ सालच्या दुरुस्तीने भारतीय ख्रिस्ती लोकांस त्या सक्तीतून मोकळे केले आहे. स्नानसंस्काराच्या दाखल्यावरील आणि बँकेतील नाव एकच आहे की नाही तेही तपासा.

आणि घरात पैसा सापडेनासा झाला तर माणसावर बोट ठेवण्यापूर्वी भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरवून पाहा.

आमची तसबीर नवी काच घालून पुन्हा जागेवर टांगली आहे. पुठ्ठाही नवा आहे. पासबुक मात्र आता तिच्यामागे नाही. बँकेने त्यावर 'खाते बंद' असा शिक्का मारून ते परत दिले. धाकट्याने ते मागून नेले आहे. "तिचे अक्षर नाही त्यात," तो म्हणाला, "पण तिची सारी वर्षे आहेत."